किल्ल्या हाती, पण विकायचा हक्क कुठवर?



घरातला कर्ता पुरुष गेला की महिन्याभरात एक शब्द घरात शिरतो : वारस दाखला. बँकेत, तलाठ्याकडे, सोसायटीत, जिथे जाल तिथे तोच. हा दाखला आला कुठून? तो आहे 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 मधला, म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असतानाचा. पेशवाई बुडून दहा वर्षेही झाली नव्हती.

त्या जुन्या कायद्यातली एक गोष्ट फार कमी बायकांना ठाऊक असते. दाखल्याने मालकी मिळत नाही. मयताच्या मिळकतीचा कारभार सध्या कायद्याने कोणाच्या हाती आहे, एवढेच तो दाखवतो. वारस सापडत नसेल, तर कारभारासाठी माणूस नेमायचा अधिकारही कोर्टाला त्याच कायद्याने दिला. कारभारी वेगळा आणि मालक वेगळा, हा फरक तिथपासून आपल्या कागदांत आहे.

मग कारभाऱ्याचा हात कुठवर पोहोचतो? 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम 307 वाचा. त्यात हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख यांच्याबरोबर 'जैन' हा शब्द स्पष्ट लिहिला आहे. मृत्युपत्र नसताना कोर्टाने नेमलेल्या व्यवस्थापकाला घर, जमीन, दुकानाचा गाळा विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, बक्षीस देता येत नाही. पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टाही करता येत नाही. करायचा असेल तर ज्या कोर्टाने नेमले, त्याची आधी परवानगी घ्यायची. न घेता केला, तर मिळकतीत हितसंबंध असलेला दुसरा कोणीही तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. म्हणजे अधिकार वाढवून घ्यायचा, पण एकेका कामापुरता, कारण सांगून.

आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या वाट्याला नेमकी हीच अवस्था जन्मभर येई, आणि तीही कोणी न नेमता. हिंदू कायद्याप्रमाणे निपुत्रिक विधवेला नवऱ्याची मिळकत मिळे ती तहहयात. उत्पन्न तिचे, पण विकायचे तर 'कायदेशीर गरज' दाखवायची : नवऱ्याचे कर्ज, सरकारी सारा, मुलीचे लग्न, नवऱ्याचे श्राद्ध. ती गेली की मिळकत तिच्या वारसांकडे नव्हे, नवऱ्याच्या वारसांकडे जायची. दीर-पुतणे वाट पाहत बसलेले असायचे, आणि तिने केलेल्या प्रत्येक खरेदीखतावर त्यांचा डोळा.

यात आपल्यासाठी एक मोठा प्रश्न होता. आपण पिंडदान मानत नाही. जीव जातो तो आपल्या कर्माने, मुलाने दिलेल्या पिंडाने त्याची गती बदलत नाही. मग पिंड देणाऱ्याच्या हिशेबाने बांधलेले वारसाचे नियम आपल्या बाईला का लागावेत?

हा प्रश्न लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1878 चा निकाल, शिवसिंग राय विरुद्ध मुसम्मात दाखो. दाखो ही सरावगी अगरवाल जैन समाजातली विधवा. त्या समाजातली रूढी साक्षीपुराव्याने सिद्ध झाली आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली : नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर निपुत्रिक विधवेचा पूर्ण हक्क आहे. दत्तक घ्यायला नवऱ्याची आधीची परवानगी नको, भाऊबंदांची संमती नको. आणि दत्तक म्हणून ती मुलीच्या मुलालाही घेऊ शकते! मला हे शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते. ज्या काळात लेक परक्याचे धन मानली जाई, त्या काळात एका श्राविकेच्या खटल्यातून लेकीचा लेक घरचा वारस ठरला.

पण हा निकाल सगळ्या जैन बायकांना सरसकट मिळाला नाही. मुंबई हायकोर्टाने आधीच, 1873 च्या भगवानदास तेजमल खटल्यात, भूमिका घेतली होती की वेगळी रूढी सिद्ध झाली नाही तर जैनांनाही हिंदू कायदाच लागतो. म्हणजे सांगलीची चतुर्थ असो, नगरची ओसवाल असो की विदर्भातली सैतवाल, दिल्लीकडच्या अगरवालांचा निकाल दाखवून तिचे काम भागत नसे. आपल्या समाजाची रूढी तिने साक्षीदार उभे करून सिद्ध करायची. घुंगटातून, डोईवरच्या पदरातून, वकिलाची फी देऊन. किती जणींना जमले असेल? दत्तकाच्या बाबतीत आपला प्रांत थोडा उदार होता. नवरा भावांपासून विभक्त असेल तर त्याची परवानगी नसतानाही विधवा दत्तक घेऊ शकते, असे मुंबई हायकोर्टाने 1868 मध्येच रखमाबाई विरुद्ध राधाबाई खटल्यात सांगितले होते. मिळकतीच्या मालकीत मात्र हा उदारपणा नव्हता.

1937 मध्ये मुंबईचे डॉक्टर गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नांनी कायदा झाला आणि विधवेला मुलाइतका हिस्सा मिळाला. पण तोही मर्यादित हक्कानेच. शेतजमीन तर त्यातून सुटली, तिच्यासाठी प्रांतांना निराळे कायदे करावे लागले. ज्यांचे सारे काही शेतात, त्यांना त्या कायद्याचा काय उपयोग!

खरी गाठ सुटली ती 17 जून 1956 ला. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांना लागू होतो, तसे त्यात लिहिलेच आहे. त्याच्या कलम 14 ने बाईच्या ताब्यातली मिळकत, ती कायद्याआधी मिळालेली असो की नंतर, पूर्ण मालकीची केली. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाकडे मात्र नीट बघा. मृत्युपत्रात, बक्षीसपत्रात किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यातच 'तहहयात उपभोग घ्यावा' असे घालून मिळकत दिली असेल, तर ती मर्यादा राहू शकते. तेव्हा घरात मृत्युपत्र लिहिले जात असेल, तर चहा देऊन आत जाऊ नका. शेजारी बसा आणि 'तहहयात' हा शब्द आला की का घातला ते विचारा.

आणि ती पाच वर्षांची अट? तीही गेलेली नाही. अज्ञान मुलाच्या नावावर घर किंवा जमीन असेल, तर 1956 च्याच अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 8 प्रमाणे आईलाही ती कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, की पाच वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने देता येत नाही. वडिलांनाही हीच अट आहे. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा, आणि विक्री मुलाच्या गरजेची किंवा उघड फायद्याची आहे हे दाखवायचे. शाळेची फी, आजारपण, पडायला आलेली भिंत, जे असेल त्याची कागदपत्रे सोबत न्या.