रोबोट म्हणजे वेठबिगार

रोबोट हा शब्द आज शेंबड्या पोराच्याही तोंडात आहे. लोखंडी हातपाय, डोळ्यांच्या जागी लाल दिवे, चावी दिली की चालणारं खेळणं. पण हा शब्द लोखंडातून आलेला नाही. तो शेतातून आलाय. चेक भाषेत रोबोटा म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळाने आठवड्यातले ठरलेले दिवस फुकट राबायचं, त्याचं नाव रोबोटा. १७७५ साली बोहेमियातले शेतकरी या वेठीविरुद्ध उठले. तेव्हा राणी मारिया तेरेसाने हुकूम काढून ती आठवड्याला जास्तीत जास्त तीन दिवसांवर आणली. कायमची गेली ती १८४८ च्या क्रांतीत.

१९२० साली प्रागमध्ये कारेल चापेक नावाचा लेखक एक नाटक लिहीत होता. नाटकात कारखान्यात तयार केलेले कृत्रिम कामगार होते, पण त्यांना नाव सापडत नव्हतं. ‘लाबोरी’ म्हणावं असं त्याच्या मनात होतं, पण ते फारच पुस्तकी वाटत होतं. त्याचा भाऊ योसेफ चित्रकार. तो ब्रश तोंडात धरून रंगवत उभा होता. म्हणाला, मग रोबोट म्हण. झालं. ही हकीकत कारेलनेच १९३३ साली एका वर्तमानपत्रात लिहिली आहे. ज्याने वेठीचा शब्द यंत्राला दिला तो योसेफ पुढे नाझींच्या बर्गन-बेलसन छावणीत १९४५ साली मेला.

दोस्तहो, वेठ म्हणजे काय हे आपल्याला शब्दकोशात बघावं लागत नाही. महार वतन आठवा. इनामाचा एक तुकडा आणि दारोदार मागून आणायचं बलुतं. त्याच्या बदल्यात रात्री-अपरात्री गावाचा आणि सरकारचा हुकूम. सांगावा न्यायचा, सारा भरायला सोबत जायचं, मेलेलं ढोर ओढायचं. एक महार आजारी पडला तर घरातला दुसरा हजर पाहिजे. म्हणजे माणूस बांधलेला नव्हता, अख्खं घर बांधलेलं होतं. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. ही हलकी ठरवलेली वतनं कायद्याने खालसा व्हायला १९५८ साल उजाडलं. आणि घटनेचं कलम २३ काढून बघा. इंग्रजी मसुद्यातसुद्धा आपला ‘बेगार’ हाच शब्द जसाच्या तसा ठेवलाय. त्याला इंग्रजी शब्द पुरला नसावा.

आता विज्ञानकथा म्हटलं की आपल्यातले बरेच कार्यकर्ते नाक मुरडतात. इथं नळाला पाणी नाही आणि तुम्ही मंगळावर कुठं निघालात? त्यांचंही चुकत नाही. जे वाचायला मिळतं त्यात बहुतेक वेळा यान असतं, प्रयोगशाळा असते, हुशार शास्त्रज्ञ असतो, त्याची सुशिक्षित बायको असते. त्या प्रयोगशाळेची लादी कोण पुसतं, हे मी वाचलेल्या मराठी विज्ञानकथांत मला कुठं दिसलं नाही. पण या जातीच्या लिखाणाचं मूळ यानात नाही. ते एका शब्दात आहे: समजा. समजा असं झालं तर? मग त्या समजाचा शेवटपर्यंत पाठलाग करायचा, जिथं नेईल तिथं जायचं. आपल्या धर्मशास्त्रात हा शब्द नाही. तिथं सगळं आधीच ठरलंय, मागच्या जन्मात. जिथं ‘हे असंच आहे’ असं सांगतात तिथं ‘समजा’ म्हणणं हीच बंडाळी असते. म्हणून मी या लिखाणाला विचारांचं लिखाण म्हणतो.

वेल्सचं ‘टाइम मशीन’ १८९५ चं. वेल्स मोलकरणीचा मुलगा, पोरवयात कापडाच्या दुकानात उमेदवारी केलेला. त्याचा समज असा: आजची मालक-मजूर फाळणी लाखो वर्षं अशीच चालू राहिली तर? इसवी सन ८,०२,७०१ मध्ये माणसाच्या दोन जाती झालेल्या आहेत. वर उन्हात नाजूक, निरुद्योगी एलॉय. खाली अंधारात यंत्रं चालवणारे मॉरलॉक. आणि रात्री मॉरलॉक वर येऊन एलॉयना खातात. कल्पना जबरदस्त आहे. पण बघणारा माणूस वरचा आहे. त्याला खालच्यांची किळस येते, त्यांच्याशी त्याचा संवाद होत नाही. गावकुसाच्या आतून आपल्या वस्तीकडे बघावं तसं.

चापेक एक पाऊल पुढे गेला. त्याच्या नाटकाचं नाव ‘आर. यू. आर.’, म्हणजे रोसुमचे सार्वत्रिक रोबोट. चेक भाषेत ‘रोझुम’ म्हणजे बुद्धी, त्यावरून रोसुम. २५ जानेवारी १९२१ ला प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात ते लागलं, १९२२ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला. हे रोबोट लोखंडाचे नाहीतच. हाडामासासारख्या रासायनिक लगद्यातून ते बनवलेत, दिसायला थेट माणूस. कारखान्याचा डायरेक्टर डोमिन पाहुणीला खाती सांगतो: इथं काळीज आणि मेंदू ढवळायची पिंपं, तिथं हाडांचा कारखाना आणि पलीकडे सूतगिरणी. कसली सूतगिरणी, तर मज्जातंतूंची आणि शिरांची. मैलच्या मैल आतडी तिथं एका वेळी पळतात. गिरणीत काम करणाऱ्याने हे वाचून हसावं की पुस्तक मिटावं? माझं विचाराल तर मला त्या जागी सूत पिंजल्याचा वास आला.

डोमिन विचारतो, सर्वांत चांगला कामगार कोणता? पाहुणी हेलेना म्हणते, प्रामाणिक असेल तो. डोमिन म्हणतो, नाही, सर्वांत स्वस्त असेल तो. ज्याच्या गरजा सर्वांत कमी. म्हणून रोसुमच्या इंजिनियर पुतण्याने माणूस घेतला आणि त्यातून कामाला न लागणारं सगळं काढून टाकलं. आनंद, फिरायला जाणं, सारंगी वाजवणं. उरलं ते नुसतं काम. इथं चापेकला वाटलं की आपण भविष्यातलं काहीतरी लिहितोय. आमच्याकडे हा शोध दोन हजार वर्षांपूर्वीच लागला होता, आणि रसायनं न वापरता. शूद्राला एकच कर्म नेमून दिलं, वरच्या तिघांची सेवा. गरजा कमी कशा करायच्या तेही लिहून ठेवलं: उष्टं अन्न, जुनी वस्त्रं. तरुण रोसुमला कारखाना काढावा लागला. मनूचं काम जन्मावर भागलं.

नाटकातली एक जागा मी सगळ्यांना वाचून दाखवतो. हेलेना विचारते, हे कधी रागावत नाहीत? तर एक साहेब सांगतो, कधीकधी बिघाड होतो. एखादा रोबोट हातातलं सगळं टाकून देतो, उभा राहतो, दात खातो. मग त्याला कुटायच्या यंत्रात घालावं लागतं. साहेबांच्या मते यंत्रातला दोष. हेलेना म्हणते, तो आत्मा आहे. दोघांमधला हा फरक लक्षात ठेवा. आपल्या पोराने पाटलाच्या वाड्यापुढून सायकलवरून उतरायला नकार दिला की गाव हेच म्हणतं, याचं डोकं फिरलंय. बिघाड! आणि पुढे कारखान्यातला डॉक्टर रोबोटांना वेदना देतो. दयेने नाही. वेदना नसल्यामुळे ते आपलेच हात मोडून घेतात आणि कंपनीचं नुकसान होतं म्हणून.

मग व्हायचं ते होतं. माणसांना काम उरत नाही, पोरं होणं थांबतं. बेकार मजूर उठतात तेव्हा सरकारं रोबोटांच्या हातात बंदुका देतात. शेवटी त्या बंदुका फिरतात. पुढारी राडियस आधीच सांगून बसलाय की मला मालक नको, मला इतरांचा मालक व्हायचंय. सगळी माणसं मारली जातात. वाचतो एकटा अल्क्विस्ट, बांधकामाचा प्रमुख, कारण तो रोबोटांसारखा हाताने काम करतो. सत्ता मिळाल्यावर रोबोटांना कळतं की आपल्याला पोरं होत नाहीत आणि रोबोट बनवायचं टिपण तर हेलेनाने जाळून टाकलंय. मग ते त्याच अल्क्विस्टच्या पाया पडतात.

राडियसच्या त्या वाक्यापाशी आपल्या बैठकांत एकदा थांबायला हवं. गुलामाला मालकी हवी असेल तर गुलामी कुठं गेली? बाबासाहेब स्वातंत्र्य आणि समतेबरोबर बंधुता का धरून बसले होते, ते हे नाटक मागून समजावून देतं. त्यातल्या एकाही रोबोटाने ते तिसरं नाव घेतलेलं नाही. अगदी शेवटी दोन रोबोट, प्रायमस आणि दुसरी हेलेना, एकमेकांसाठी स्वतः मरायला तयार होतात. तेव्हा अल्क्विस्टला माणूस परत दिसतो.

त्याच १९२० साली अमेरिकेत डु बॉइस या काळ्या विचारवंताने ‘द कॉमेट’ ही गोष्ट छापली. (आपला ‘मूकनायक’ही त्याच वर्षी ३१ जानेवारीला निघाला.) जिम हा बँकेतला काळा निरोप्या. जास्त मोलाच्या माणसांना जिथं पाठवत नाहीत अशा खालच्या तळघरात त्याला पाठवतात. वर धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मरून पडतं. जगतो तो, कारण तो खाली होता. एक श्रीमंत गोरी बाई जगते. जगात आपण दोघंच उरलोय असं समजल्यावर त्या बाईला पहिल्यांदा दिसतं की समोर माणूस आहे. मग मोटारीचा भोंगा वाजतो. तिचा बाप आणि होणारा नवरा येतात. फक्त न्यूयॉर्कच मेलंय, बाकी जग शाबूत आहे. आणि जगाबरोबर शिवीही शाबूत आहे, झाडाला टांगायची भाषाही. डु बॉइसचा समज बघा: वर्णभेद जायला अख्खं जग मरावं लागतं, आणि जग परत आलं की पहिल्या मिनिटात तोही परत येतो. १९४६ साली बाबासाहेबांनी याच डु बॉइसना पत्र लिहिलं होतं. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचं त्यांना कळलं होतं, त्याच्या प्रती मागवल्या होत्या.

परत चापेककडे येतो, कारण त्याच्याशी माझं भांडण बाकी आहे. १९२३ साली त्याने लिहिलं की नाटकात सगळेच बरोबर आहेत. यंत्राने माणूस कष्टातून सुटेल म्हणणारा डोमिन बरोबर, यंत्राने माणूस बिघडतो म्हणणारा अल्क्विस्ट बरोबर, उठणारे रोबोटही बरोबर. सगळेच बरोबर, हे नाटककाराला परवडतं. अल्क्विस्टला तो टॉलस्टॉयपंथी म्हणतो. सेवेत काही चांगलं होतं, थकण्यात पुण्य होतं, असं अल्क्विस्टचं मत. ही भाषा ओळखीची वाटत असेल तर बरोबर आहे. टॉलस्टॉयच्या नावाने दक्षिण आफ्रिकेत १९१० साली आश्रम काढणारे गांधीजी १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये यंत्राविरुद्ध हेच बोलत होते. बाबासाहेबांनी त्याला १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात उत्तर दिलं. त्याचा मथितार्थ असा की यंत्रामुळेच माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणूस जनावराच्या जगण्यातून वर येत नाही. दोष यंत्राचा नाही, ज्या समाजरचनेत फायदा थोड्यांच्या खिशात जातो तिचा आहे. भंग्याच्या कामाला थोर सेवा म्हणून गौरवण्यावरही त्यांनी तिथंच कोरडे ओढलेत. चापेकच्या नाटकात हे बोलणारं पात्रच नाही. डोमिनला यंत्र हवं आणि मालकीही. अल्क्विस्टला दोन्ही नको.

गिरणीचंच बघा. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साचेखात्यात, म्हणजे कापड विणायला, घेत नसत. पगार तिथं जास्त. कारण काय, तर कांडी संपली की नवी भरून दोऱ्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावं लागे. थुंकी लागायची. हिंदू विणकर आणि मुसलमान विणकर, दोघांनाही आमची थुंकी चालत नव्हती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे टाकला. आणि गंमत अशी की तोंड न लावता आपोआप दोरा घेणारा धोटा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच निघाला होता. तोंडाने ओढायच्या धोट्याला मॅसेच्युसेट्समध्ये १९११ सालीच बंदी आली. आमचा विटाळ ज्या भोकात बसला होता ते भोक यंत्राने केव्हाच बुजवलं होतं.

२०१८ साली केरळात तिरुवनंतपुरमला जेनरोबोटिक्स नावाच्या तरुण इंजिनियरांच्या कंपनीने बँडिकूट नावाचा रोबोट गटारात उतरवला. तो मॅनहोलमध्ये पाय टाकतो, गाळ बादलीत भरून वर आणतो. चालवणारा माणूस वर उभा राहून पडद्यावर बघतो, आणि हे काम शिकवायला आधी खाली उतरणारेच घेतले गेले. वेठीचं नाव लावलेलं यंत्र वेठबिगाराच्या जागी उतरलं. माणसाला मैल्यात उतरवायला मनाई करणारा कायदा २०१३ चा आहे. कायदा आहे, यंत्र आहे, तरी सेप्टिक टाक्यांत गुदमरून मरणं थांबलेलं नाही. ठेकेदाराचा हिशेब डोमिनचाच: सर्वांत स्वस्त कोण? आपल्या लिहिणाऱ्यांपैकी कुणीतरी इथून कथा सुरू करावी. समजा, उद्या सकाळपासून या शहरातला एकही माणूस गटारात उतरला नाही.