रूळ गोल कसा झाला

भिलाईच्या नेहरू नगरमध्ये राहणाऱ्याला रूळ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मुंबई-हावडा मार्ग याच गावातून जातो आणि भारतीय रेल्वेचा रूळ मुख्यतः इथल्याच कारखान्यात लाटला जातो. ‘साठ किलोचा’ म्हटलं की मीटरमागे साठ किलो वजनाचा रूळ, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. उंची 172 मिलिमीटर, बुडाची रुंदी 150, माथ्याची जेमतेम 72. चाक माथ्यावर टेकतं, चाकाची कड आतल्या बाजूने रुळाला धरून राहते. बाकी सगळी मदार डब्याच्या वजनावर. वजन खालीच लागणार, या भरवशावर हा आकार बेतलेला आहे.

असा डोळा घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिका या करमणूक पार्कात ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरखाली उभं राहिलं, की पहिला प्रश्न पडतो: रूळ कुठे आहे? वर दिसतात दोन गोल नळ्या, त्यांना पोटाशी धरून ठेवणारा एक चौकोनी पोकळ कणा आणि खालचे खांब. माथा नाही, बूड नाही. रोलर कोस्टरचे शौकीन झोके-गिरक्या मोजण्याआधी याच गोष्टी बघतात: कणा चौकोनी की गोल, खांब कुठे टेकलाय, जोड कुठे आलाय.

या नळीची कुळकथा बर्फापासून सुरू होते. सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात लाकडी मांडवावर पाणी ओतून, गोठवून उंच घसरगुंड्या करत. (भिलाईचा कारखाना उभारायला आलेल्या सोव्हिएत इंजिनिअरांच्या पूर्वजांचा हा हिवाळी उद्योग, आमच्याकडे मात्र त्यांनी पोलादच आणलं.) पॅरिसमध्ये बर्फ कुठला? तिथे 1817 साली चाकांच्या गाड्या आल्या आणि त्या उधळू नयेत म्हणून आस खाचेत अडकवण्याची युक्ती निघाली. गाडी वर उचलली जाईल ही धास्ती इतकी जुनी आहे.

पुढची पायरी कोळशाची. पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक इथे 1827 पासून उतारावरून आपसूक घरंगळणाऱ्या कोळशाच्या गाड्या होत्या. पुढे लोक नुसती मौज म्हणून त्यांत बसू लागले. 1884 मध्ये लामार्कस थॉम्पसनने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंटांत अशी फेरी विकायला काढली. वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सायकलपेक्षा कमी. रूळ म्हणजे फळ्यांवर ठोकलेली पोलादी पट्टी. एवढ्या वेगाला तेवढं पुरे होतं.

खरा बदल जॉन मिलरने केला आणि माझ्या मते या सगळ्या वंशावळीत त्याच्याइतका मोठा माणूस नाही. 1919 मध्ये त्याने पट्टीच्या खालच्या बाजूलाही एक चाक लावण्याचं पेटंट घेतलं. आता गाडी चढाच्या माथ्यावरून सुटताना वर उचलली गेली तरी खालचं चाक तिला अडवणार. वजनाचा भरवसा संपला आणि उतार हवे तेवढे उभे करायला मोकळीक मिळाली. अडचण राहिली ती लाकडाची. फळ्यांचे थर एका दिशेला वाकतात. एकाच वेळी खाली, बाजूला आणि पिळून वाकवायचे म्हटलं की सुतार हात टेकतो.

1959 साल उजाडलं. 4 फेब्रुवारीला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. त्याच वर्षी 14 जूनला कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये मॅटरहॉर्न हा कोस्टर सुरू झाला. अॅरो डेव्हलपमेंटच्या एड मॉर्गन आणि कार्ल बेकन यांनी त्यासाठी लाकूड बाजूला ठेवून पोलादी नळी वापरली. नळीला वरची बाजू अशी नसतेच. ती कुठूनही सारखीच, म्हणून कुठेही वाकते, कशीही पिळता येते. आणि जिन्याचा कठडा मुठीत धरावा तशी वरची, बाजूची आणि खालची चाकं मिळून तिला धरतात. आमचा साठ किलोचा रूळ याच कामाला लावला तर त्याचं रुंद बूडच आडवं येईल. वजन पेलण्यासाठी जे दिलं, तेच पिळायला विरोध करतं.

आकार टाकला, पण रेल्वेचं गणित कोस्टरने टाकलं नाही. सरळ मार्ग थेट गोलाईला जोडला तर डबा हिसका खातो. म्हणून रेल्वेवाले मध्ये ‘ट्रान्झिशन’ घालतात, वळण हळूहळू आवळत जाणारं. कोनी आयलंडवर 1895 मध्ये ‘फ्लिप फ्लॅप’ या कोस्टरने पूर्ण वर्तुळाचा फेरा केला तेव्हा हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. प्रवाशांच्या माना दुखावल्या. 1976 मध्ये वेर्नर श्टेंगल या जर्मन इंजिनिअरने कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनच्या ‘रेव्होल्यूशन’साठी फेरा थेंबाच्या आकाराचा केला: खाली वेग जास्त तिथे गोलाई मोठी, वर वेग कमी तिथे आवळलेली. ही ट्रान्झिशनचीच वक्ररेषा, उभी करून ठेवलेली.

चौकोनी कणा बोलिगर आणि माबियार या स्वित्झर्लंडमधल्या जोडीचा. त्यांची कंपनी 1988 ची. ‘नायट्रो’ त्यांचाच, 2013 सालचा, सुमारे 40 मीटर उंच, पाच वेळा उलटा होणारा. पोलादी पत्रे जोडून बनवलेला तो पोकळ कणा गाडी जाताना घुमतो, आणि हाच घर्राटा ऐकून शौकीन डोळे मिटून कंपनीचं नाव सांगतात. शेजारी तक्रार करतील अशा जागी काही ठिकाणी कण्यात वाळू भरतात.

जोडांच्या बाबतीत मात्र भिलाई पुढे आहे. इथला रूळ 130 मीटरचा निघतो, दोन जोडून 260 मीटरचा करतात, आणि जागेवर नेऊन पुन्हा वितळजोड देतात. रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचा खडखडाट त्यामुळेच कमी झाला. कोस्टरचा तुकडा मुळातच वाकडा, तोही ट्रेलरवर मावेल एवढाच लांब. म्हणून दर तुकड्याच्या टोकाला जाड पोलादी कडं आणि त्यात बोल्ट. दोन नळ्यांची तोंडं एकमेकांशी तंतोतंत जुळली नाहीत, तर चाक प्रत्येक फेरीला तिथेच ठेचकाळणार.