मुंबई–लंडन : हवाई अंतर व उड्डाणकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो यांच्यातील पृथ्वीपृष्ठावरून मोजलेले किमान अंतर सुमारे ७,२०० किमी. (३,८९० सागरी मैल) आहे. थेट विमानाला जाताना साधारण दहा तास लागतात, येताना नऊच्या आसपास.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून दोन्ही शहरे जोडली, तर रेषा सीरिया-तुर्कस्तानच्या सीमेजवळून जाते. पण पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट त्याहून बरीच उत्तरेला वळते. सिंध, बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचे दक्षिण टोक, काळा समुद्र, पश्चिम युक्रेन आणि जर्मनी असा तिचा क्रम आहे. मध्यबिंदू कॉकेशसमध्ये, तिब्लिसीच्या किंचित दक्षिणेस पडतो. ही वाट जशीच्या तशी आज कोणाला उडता येत नाही. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये हवाई हद्द बंद केली. दुसऱ्या खेपेची बंदी भारतीय विमानांपुरती होती. मुंबईच्या विमानांना निदान अरबी समुद्रावरून ओमानकडे वळता येते. दिल्लीहून निघणाऱ्यांना हा वळसा अधिक महाग पडतो. थोडक्यात, कोष्टकात छापलेले अंतर भूमितीचे असते, इंधन मात्र राजकारणाने आखलेल्या वाटेवर जळते.

ताशी ९०० किमी. वेगाने साधा भागाकार केला तर आठ तास येतात. उरलेला वेळ वळशात, चढण्या-उतरण्यात, धावपट्टीपर्यंतच्या रांगेत आणि वाऱ्यात जातो. मध्य अक्षांशांवर उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात व हिवाळ्यात जोर धरतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. हीथ्रोवर गर्दी असली की विमान उतरण्याआधी घिरट्याही घालते; वेळापत्रकात त्याची सोय आधीच केलेली असते.

घड्याळाचा हिशेब निराळा. लंडन मुंबईच्या साडेपाच तास मागे आहे; मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा होतो. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी एकला निघालेले विमान दहा तासांनी पोहोचले, तर तिथे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. परतीला रात्री नऊला निघालेला प्रवासी नऊ तास उडून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला उतरतो. तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी करणारे इथे हमखास चुकतात.

सुएझमार्गे जहाजाचे अंतर सुमारे ११,६०० किमी. भरते. १८६९ मध्ये कालवा खुला होण्यापूर्वी आफ्रिकेला वळसा घालताना ते २०,००० किमी.च्या जवळ जाई. इम्पीरियल एअरवेजने मार्च १९२९ मध्ये लंडन–कराची सेवा सुरू केली. तिला सात दिवस लागत आणि मधला एक टप्पा आगगाडीने करावा लागे. कराचीहून टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा मुंबई या साखळीला जोडली गेली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टलेशन विमान कैरो व जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला निघाले. १९६० मध्ये बोइंग ७०७ आल्यावर याच मार्गावर एअर इंडियाची जेट विमाने धावू लागली.