हवेची तहान

मंडळी, पाऊस किती पडला हे रोज पेपरात येतं. पण त्यातलं परत वर किती गेलं? माती-पाण्यावरून होणारं बाष्पीभवन आणि पानांतून जाणारी वाफ, दोन्ही मिळून शेतकीच्या पुस्तकात बाष्पपर्णोत्सर्जन असा दातपाड्या शब्द आहे. त्यातही ‘संभाव्य’ आणि ‘प्रत्यक्ष’ असे दोन प्रकार!

हा भेद रुजवला अमेरिकेतल्या सी. डब्ल्यू. थॉर्नथ्वेट यांनी. हे मुळात भूगोलाचे (म्हणून मला जवळचे). १९४६ पासून त्यांनी न्यू जर्सीतल्या सीब्रुक फार्म्समध्ये काम केलं. तिथे मटार गोठवून विकत. सगळा मटार एकदम तयार झाला तर कारखान्याला झेपणार कसा? थॉर्नथ्वेटनी हवामानावरून पेरणीचं कॅलेंडरच बसवून दिलं, म्हणजे तोडणी टप्प्याटप्प्याने यावी.

१९४८ साली त्यांचा गाजलेला लेख आला. प्रश्न साधा होता : मातीत पाणी कधीच कमी पडलं नाही, तर हवा किती नेईल? ते संभाव्य. आणि मातीत असेल त्यातून खरोखर जातं ते प्रत्यक्ष. पाऊस ही जमा, संभाव्य ही मागणी, आणि माती म्हणजे १० सेंटिमीटर पाण्याची शिल्लक. घरखर्चाची वहीच म्हणा ना!

त्यांच्या सूत्राला महिन्याचं सरासरी तापमान आणि दिवसाची लांबी एवढंच पुरे. इंग्लंडात रॉथमस्टेडच्या हॉवर्ड पेनमन यांनी त्याच वर्षी वेगळं सूत्र मांडलं. ते पदार्थविज्ञानाचे. त्यांनी ऊन, वारा, हवेतला दमटपणा, सगळं हिशेबात घेतलं. माझ्या मते पेनमनच खरे; पण इतक्या नोंदी ठेवणार कोण? म्हणून थॉर्नथ्वेट जास्त वापरले गेले.

खरी गंमत पुढे आहे. मे महिन्यात सोलापूरकडच्या नांगरून पडलेल्या कोरड्या रानात उन्हाला उडवायला पाणीच नसतं, मग ती उष्णता हवा तापवते. तापलेल्या कोरड्या हवेची तहान आणखी वाढते. म्हणजे प्रत्यक्ष घटलं, म्हणूनही संभाव्य वाढलं! फ्रान्सच्या बूशे यांनी १९६३ मध्ये हे नातं मांडलं. तेव्हा संभाव्यचा मोठा आकडा वाचून ‘रानातून एवढं पाणी उडालं’ असं कुणी म्हणालं, तर ते चूक. रानातून जवळजवळ काहीच जात नाही. उजनीच्या जलाशयाचं वेगळं. तिथे पाणी आयतं समोर असतं, हवा पोटभर पिते.