विभक्त आईबाप आणि मुलांचा ताबा

नवराबायको वेगळे झाले तर मूल कोणाकडे राहणार, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या न्यायालयांत फारसा उभाच राहत नसे; मूल बापाचे. १८३६ मध्ये लेखिका कॅरोलिन नॉर्टन यांचे तिन्ही मुलगे नवऱ्याने आपल्या ताब्यात ठेवले. त्यांनी पत्रके छापून रान उठवले आणि १८३९ चा कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांचा ताबा आणि त्याहून मोठ्यांची भेट आईला मागता येऊ लागली. व्यभिचार सिद्ध झालेल्या स्त्रीला मात्र यांतले काहीच नाही.

मिळालेला हक्कही तकलादूच होता. ॲनी बेझंट यांची मुलगी मेबल १८७३ च्या विभक्तीच्या करारानुसार त्यांच्याकडे होती. नास्तिक मते आणि संततिनियमनाच्या पुस्तिकेचे प्रकाशन यांवर बोट ठेवून १८७८ मध्ये न्यायालयाने ती बापाच्या हवाली केली.

भारतात १८९० च्या पालक आणि पाल्य अधिनियमाने पाल्याचे हित पाहण्यास सांगितले. पण बाप नालायक नसेल तर दुसरा पालक नेमू नये, असेही त्यातच होते. हनफी मुस्लिम कायद्यात सांभाळ आणि पालकत्व यांची फारकत जुनीच: मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत, मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ, पालकत्व बापाचे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमातही पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे, नैसर्गिक पालक मात्र आधी बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई. म्हणजे वाढवायचे आईने, सही बापाची. रिझर्व्ह बँकेने मुलाच्या नावच्या रोख्यांसाठी अशीच सही मागितल्यावर गीता हरिहरन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच नव्हे, त्याच्या अनुपस्थितीतही, असा निकाल १९९९ मध्ये लागला. १८९० च्या कायद्याच्या त्या कलमात बापाशेजारी आई यायला तर २०१० उजाडले.

आज कौटुंबिक न्यायालयात दावा चालू असेपर्यंत अंतरिम ताबा दिला जातो. पुढे बहुधा एकाकडे ताबा आणि दुसऱ्याला शनिवार-रविवारी किंवा सुट्टीत भेट, अशी व्यवस्था होते. ताब्याचा कोणताही आदेश अखेरचा नसतो. परिस्थिती पालटली की तो बदलून मागता येतो. दोघांनी मिळून सांभाळायचा संयुक्त ताबा कायद्यात आणावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात केली.