डागांची बखर

इतिहासकारांनी तख्तांचे, तलवारींचे आणि तहांचे इतिहास लिहिले; सदऱ्यावरच्या डागांचा मात्र कुणी लिहिला नाही. बहुधा त्या मंडळींचे सदरे घरातल्या बायका धूत असाव्यात. आम्ही पडलो रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचे. इथे उन्हाळ्यात आंब्या-फणसाचा चीक आणि काजूची बोंडं, पावसाळ्यात बुरशी, आणि उरलेले महिने मासळी. एवढ्यातून ज्याचा सदरा पांढरा राहिला तो एक तर पाहुणा असावा, नाहीतर पुढारी!

डाग काढण्याचं शास्त्र इथे शाळेत नाही, बंदरावर शिकायला मिळतं. माझ्या बाहीवर माशाचं रक्त उडालं तेव्हा एका मासळीवालीने भर बाजारात बजावलं होतं, “भाऊ, ह्याला ऊन पाणी दाखवू नका हां! गारच पाणी घ्या.” खरंच आहे. रक्तातली प्रथिनं गरम पाण्याने अंड्यासारखी थिजतात आणि धाग्याला धरून बसतात. १९५७ साली कायद्याने जमिनीवर कूळ बसलं तसा तो डाग बसतो. मग मालकाने कितीही आदळआपट करावी! हळदीची तऱ्हा निराळी. साबणातल्या क्षाराने ती लाजून लाल होते आणि उन्हात वाळत घातली की हळूहळू विरते. फणसाच्या चिकाला आधी खोबरेल, मग साबण. ज्याचा त्याचा स्वभाव!

आमच्या आज्या हे सगळं रिठ्याच्या फेसावर भागवत. मग १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाची खोकी उतरली, १९५९ साली सर्फ आलं, १९६९ साली अहमदाबादेत निरमा निघाली, आणि सर्व डागांना एकच पूड, हा अद्वैतवाद घरोघरी पोचला. डाग मात्र अजून द्वैतवादीच आहेत. पूड बदलली तरी रक्ताला गार पाणीच लागतं.

पण सगळेच डाग काढण्यासाठी नसतात. किनाऱ्यावर सुती जाळी होती तेव्हा ती कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात मुद्दाम बुडवून तांबडी करत. न कुजणारं नायलॉन आलं आणि तो डाग गेला. आणि धोबी! दुनियेचे डाग काढणारा हा माणूस प्रत्येक कपड्यावर स्वतःचा एक डाग घालायचा, बिब्ब्याचा. मराठीत बिब्बा घालणं म्हणजे काम बिघडवणं. धोब्याचं काम मात्र बिब्ब्यावाचून अडायचं, कारण त्याशिवाय कुणाचं धोतर कुणाचं हे कळणार कसं? बिब्बा हा आंब्या-काजूच्याच घराण्यातला. त्याच्या रसाला चुना लागला की अशी काळी खूण उमटते की कुठलाही साबण तिच्यापुढे हात टेकतो. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर या खुणेने पुरळ उठलं आणि १९४३ साली त्यांच्या डॉक्टरांनी त्यावर निबंध लिहिला. आमच्या धोब्याला तेवढी कीर्ती पुरे होती.

वडिलांचा एक सदरा आमच्या ट्रंकेत आहे. वडील गेले, धोबी गेला, आईही गेली. त्यावरचे चहाचे, शाईचे, पानाचे डाग तिने आयुष्यभर चोळून चोळून काढले. कॉलरच्या आत बिब्ब्याचे तीन ठिपके तेवढे आहेत. बाकीचं काम आईने इतकं चोख केलं की सदरा वडिलांचा होता हे सांगायला दुसरी खूणच उरलेली नाही.