जीवरक्षकाच्या प्रशिक्षणाची घडण

जलतरण तलावावरच्या जीवरक्षकाचे आजचे प्रशिक्षण एका ठरावीक क्रमाने चालते: पाण्यावर नजर ठेवणे, बुडणारा ओळखणे, त्याला बाहेर काढणे आणि श्वास थांबला असेल तर तो सुरू करणे. या गोष्टी माणसाला उमगल्या त्या मात्र नेमक्या उलट्या क्रमाने. आधी काठावर आणलेल्या निपचित देहाचा विचार झाला, मग पाण्यात धडपडणाऱ्याचा. नुकत्याच बुडू लागलेल्या माणसाला ओळखायचे कसे, याचा विचार विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडेपर्यंत कोणी पद्धतशीरपणे केला नव्हता.

सुरुवात झाली ती ॲमस्टरडॅममध्ये. या कालव्यांच्या शहरात पाण्यात पडून लोक नेहमीच दगावत. १७६७ साली तिथे बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली. अंग उबदार ठेवणे, चोळणे, तोंडाने हवा भरणे आणि गुदद्वारावाटे तंबाखूचा धूर सोडणे हे त्या काळचे उपाय. १७७४ मध्ये विल्यम हॉज आणि थॉमस कोगन या दोन वैद्यांनी लंडनमध्ये याच धर्तीवर जी संस्था काढली, तीच पुढे रॉयल ह्यूमेन सोसायटी झाली. थेम्सच्या काठाने तेव्हा धुराचे भाते तयार ठेवलेले असत. १८११ मध्ये बेंजामिन ब्रॉडी यांनी तंबाखूतले विष हृदयाला घातक असल्याचे प्रयोगाने दाखवले आणि ही प्रथा ओसरली.

तोंडाने हवा भरण्याचा खरा उपायही मागे पडला, ही या इतिहासातली सर्वांत महाग पडलेली चूक. प्राणवायूचा शोध लागल्यावर उच्छ्वासाची हवा ‘वापरलेली’, म्हणून निरुपयोगी, असा समज बळावला. त्याऐवजी शरीर दाबून, हलवून फुप्फुसांत हवा खेळवण्याच्या पद्धती निघाल्या. मार्शल हॉल यांनी १८५६ मध्ये रुग्णाला पालथे आणि कुशीवर आलटून पालटून वळवण्याची पद्धत सुचवली. दोन वर्षांनी हेन्री सिल्व्हेस्टर यांनी उताण्या रुग्णाचे हात डोक्यामागे नेऊन परत छातीवर दाबायला सांगितले. शेफर यांनी १९०३ मध्ये पालथ्या माणसाच्या पाठीवर, खालच्या बरगड्यांवर दाब देण्याची रीत मांडली आणि होल्गर निल्सन यांनी १९३२ मध्ये पाठीवरच्या दाबाला कोपरे उचलण्याची जोड दिली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभरचे जीवरक्षक यातलेच काहीतरी घोकत होते.

दरम्यान पाण्यातल्या कामालाही शिस्त येत होती. १८९१ मध्ये विल्यम हेन्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये जी जीवरक्षण संस्था उभारली, ती रॉयल लाइफ सेव्हिंग सोसायटी म्हणून ओळखली जाते. पट्टीचा पोहणारा आपोआप जीवरक्षक होत नाही, हे या संस्थेने ठामपणे शिकवले. घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही खाली जातात. म्हणून पकड सोडवण्याच्या युक्त्या जमिनीवर रांगेत उभे करून, कवायतीसारख्या घोटून घेतल्या जात. मिठी बसलीच तर खाली बुडी मारायची, कारण बुडणाऱ्याला वर यायचे असते, खाली जाणाऱ्याला तो सोडून देतो. अमेरिकेत विल्बर्ट लाँगफेलो यांच्या पुढाकाराने १९१४ मध्ये रेडक्रॉसचे जीवरक्षक दल सुरू झाले. आधी हात किंवा काठी पुढे करा, मग दोर वा तरंगणारी वस्तू फेका, मग होडी न्या आणि काहीच जमले नाही तरच उडी घ्या, हा क्रम याच परंपरेत रुजला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जॉर्ज फ्रीथ यांच्यासारख्यांनी लोकप्रिय केलेल्या ओढत न्यायच्या तरंगत्या साधनांतून पुढे मऊ फोमची रेस्क्यू ट्यूब आली. तिच्यामुळे बुडणारा आणि वाचवणारा यांच्यात सुरक्षित अंतर राहू लागले.

श्वासाचा प्रश्न सुटला तो १९५०च्या दशकात. उच्छ्वासाच्या हवेत सुमारे १६ टक्के प्राणवायू शिल्लक असतो आणि तो रुग्णाला पुरतो, हे जेम्स इलॅम यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. बाल्टिमोरमध्ये पीटर साफर यांनी पुढचे धाडसी पाऊल टाकले. स्वयंसेवकांना गुंगी आणि स्नायू लुळे पाडणारे औषध देऊन त्यांच्यावर जुन्या-नव्या पद्धतींची तुलना केली गेली. पाठ-छाती दाबण्याच्या पद्धतींत हवा जेमतेम आत जात होती, कारण मान सैल पडली की जीभ मागे सरकून घसा बंद होतो. डोके मागे झुकवून हनुवटी उचलली की वाट मोकळी होते. ही एवढीशी कृती आधीच्या शंभर वर्षांच्या कवायतींत नव्हती! १९६० मध्ये त्याच शहरात कोवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. दोन्हींची सांगड म्हणजे सीपीआर. सरावासाठी नॉर्वेच्या आसमुंड लार्डाल यांनी त्याच वर्षी ‘रेस्क्यू ॲन’ नावाची बाहुली तयार केली.

२०१० मध्ये हृदयविकाराच्या रुग्णांसाठी आधी छातीदाब, मग श्वास असा बदल झाला, पण बुडालेल्याला तो लागू नाही. त्याचे हृदय बहुधा प्राणवायूअभावी थांबलेले असते, म्हणून आधी श्वास द्यावा लागतो. युरोपातील मार्गदर्शक तत्त्वे सुरुवातीला पाच श्वास द्यायला सांगतात. नदीकाठच्या गावांत बुडालेल्याला पालथे घालून किंवा गरगर फिरवून पोटातले पाणी काढण्याची समजूत अजून आढळते. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि उलटी श्वासनलिकेत शिरण्याचा धोका वाढतो.

आता राहिली नजर. न्यूयॉर्कमधील ऑर्चर्ड बीचवरचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी १९७०च्या सुमारास प्रत्यक्ष बुडण्याच्या घटनांचे चित्रण केले. पडद्यावर दिसले ते सर्वांच्या कल्पनेच्या विरुद्ध होते. बुडणारा ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर खाली-वर होते, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, तर आवाज कुठून काढणार? हात दोन्ही बाजूंना पसरून तो नकळत पाणी खाली दाबत राहतो, शरीर उभे असते, पाय जवळजवळ हलत नाहीत. हे सारे २० ते ६० सेकंद चालते. शेजारी पोहणाऱ्याला तो खेळतोय असे वाटू शकते.

पुढची सारी तलाव-शिस्त या निरीक्षणाला धरून उभी राहिली. प्रत्येक जीवरक्षकाला पाण्याचा ठरावीक भाग नेमून दिला जातो आणि नजर थकू नये म्हणून जागा ठरावीक वेळाने बदलतात. जेफ एलिस यांच्या संस्थेने १९८०च्या दशकात रुळवलेल्या निकषानुसार आपल्या भागावरून दहा सेकंदांत नजर फिरली पाहिजे आणि पुढच्या वीस सेकंदांत बुडणाऱ्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे. त्यापुढचा आराखडाही आधीच ठरलेला असतो: शिट्टी होताच एक जण पाण्यात जातो, दुसरा त्याचा भाग सांभाळतो, बाकीचे तलाव रिकामा करतात, कोणीतरी रुग्णवाहिका बोलावतो (महाराष्ट्रात १०८), कोणी प्राणवायू आणि हृदयाला विद्युतधक्का देणारे यंत्र आणतो. सूर मारून मानेला इजा झाल्याचा संशय असेल तर फळीवर बांधून उचलण्याचा सराव वेगळा असतो.

भारतात या शिक्षणाचे एक केंद्र पुण्यातच आहे, ते म्हणजे राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून संघटित जीवरक्षक सेवा आहे. तलावांवर मात्र जीवरक्षकालाच शिकवण्या घ्यायला, पासेस तपासायला, पाण्यात औषध टाकायला लावले जाते. पिया यांनी तलावावरच्या मृत्यूंची जी तीन कारणे सांगितली, त्यांत बुडणारा न ओळखणे आणि लक्ष विचलित होणे यांच्या जोडीला हेही एक होते: पहाऱ्यावर असताना माथी मारलेली दुसरी कामे. तलाव चालवणाऱ्यांनी पहाऱ्यावरच्या माणसाला दुसरे कोणतेही काम देऊ नये.